वाचकांचे प्रश्न: कर्णधार खो देतच नाही

प्रश्न: आमच्या शाळेच्या १४ वर्षांखालील मुलींच्या खो-खो संघात एकच मुलगी खूप चपळ आहे, म्हणून तिलाच कर्णधार केलं. पण पाठलागात ती कुणाला खो देत नाही, स्वतःच पळत राहते. ती दमली की संघ ढेपाळतो. कर्णधार बदलू का?
— क्रीडाशिक्षिका, कळंब, जि. धाराशिव

उत्तर: बाई, लगेच बदलू नका. मध्येच पद काढलं तर ती मनातून खचेल आणि बाकीच्या मुलीही पुढं यायला कचरतील. आधी तिला मैदानावर उभं करून एवढंच दाखवा: पळणारी मुलगी मधली पट्टी ओलांडून पलीकडं जाते, पाठलाग करणारीला ती ओलांडता येत नाही. खांबाला वळसा घालून जाईपर्यंत पळणारी पुन्हा अलीकडं आलेली असते. पण पाठ करून बसलेल्या मुलीला खो दिला, तर ती थेट त्याच बाजूला उठते. म्हणजे कितीही वेगवान मुलगी एकटी पुरत नाही. हे तिला समजावून सांगू नका, दोन मिनिटं पळवा आणि तिचं तिलाच कळू द्या.

मग सरावाला एक बंधन घाला. पाठमोरी बसलेली पहिली मुलगी सोडली तर चालेल, दुसरीला खो द्यायचाच. दोन-दोन मिनिटांचे तुकडे खेळवा. बाहेर बसलेल्या एका मुलीनं कुणी किती खो दिले ते वहीत मांडावं.

पहिल्या आठवड्यात फाऊल वाढतील, त्याची तयारी ठेवा. आजवर खो मिळालाच नाही, त्यामुळे बसलेल्या मुली हावरटासारख्या आधीच उठतात. देणारी धावता धावता हात लागण्याआधीच ‘खो’ ओरडते. हाताचा स्पर्श आणि आवाज एकाच वेळी व्हायला हवा. यासाठी प्रत्येकीकडून आधी चालत दहा खो, मग हळू धावत दहा. त्या काळात ओरडाल, तर घाबरून पुन्हा सगळ्या तिच्याच भरवशावर बसतील. आमच्या मते इथंच बहुतेक संघ बिघडतात.

कर्णधाराच्या कामाचेही वाटे करा. संरक्षणाला तिघी-तिघींच्या तुकड्या उतरतात, कोणत्या तुकडीत कोण, हे दर आठवड्याला वेगळ्या मुलीनं ठरवावं. शाबासकी देतानाही नुसतं ‘छान’ म्हणू नका. ‘तू वेळेवर खो दिलास, म्हणून ती खांबापाशी अडकली,’ असं म्हणा. खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, हे तुमच्या जिल्ह्यातल्या मुलींना माहीत असेलच. त्यांच्यासारखं पळायचं प्रत्येकीच्या मनात असतं, खो द्यायचं मात्र कुणाच्याच मनात नसतं. ते तुम्हाला घालावं लागेल.

प्रश्न: मुलगा कबड्डी संघात राखीव आहे. प्रशिक्षकांशी बोलू का?
— एक पालक, लातूर

उत्तर: जरूर बोला, पण सामन्याच्या दिवशी नको. ‘याला का खेळवत नाही’ असं न विचारता ‘यानं काय सुधारावं’ असं विचारा. आणि प्रशिक्षकांनो, राखीव पोराला काम द्या: सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ असते (गुण नाही मिळाला तर चढाई करणाराच बाद), ती त्यानं मोजावी. समोर सहापेक्षा कमी गडी उरले की बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण मिळत नाही, तेही त्यानंच ओरडून सांगावं. असा मुलगा बदली म्हणून उतरला की बावचळत नाही.