नाथसागरावर ऑस्प्रेची नोंद ठेवताना
तुम्ही यंदा पैठणच्या नाथसागर जलाशयावर ऑस्प्रेची, म्हणजे मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याची, नोंद ठेवणार आहात, याचा मला मनापासून आनंद झाला. हा पक्षी आपल्याकडे घरटे करत नाही. उत्तरेकडील युरोप-आशियात वीण आटोपून तो साधारण ऑक्टोबरपर्यंत येतो आणि मार्चच्या सुमारास परततो, त्यामुळे पहिल्या व शेवटच्या दर्शनाची तारीख सर्वांत मोलाची, आणि पक्षी न दिसलेला दिवसही वहीत लिहावा. पाठीवरच्या पिसांना फिकट कडा दिसल्या, तर ते त्याच वर्षीचे पिल्लू समजावे. असे पक्षी पहिला उन्हाळा बहुधा हिवाळी मुक्कामीच काढतात, म्हणून मे महिन्यातली फेरीही चुकवू नका. पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेले कडे असल्यास रंग व अक्षरे टिपा, मात्र त्यासाठी होडी जवळ नेऊन त्याला उडवू नका.