स्टुडिओ बुक करण्याआधी

चि. मित्रास, अनेक आशीर्वाद.

पुण्यात आठ दिवस स्टुडिओ घेऊन तुमच्या बँडचा पहिला अल्बम 'तिथंच बसवू' म्हणतोस, ते मला अजिबात पटलेलं नाही. तिथं तासावर पैसे जातात. गाणी सांगलीतच बसली पाहिजेत.

11 फेब्रुवारी 1963 ला बीटल्सनी लंडनच्या ईएमआय स्टुडिओत पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात रेकॉर्ड केली (उरलेली चार आधीच दोन सिंगल रेकॉर्डवर, म्हणजे दोन-दोन गाण्यांच्या तबकड्यांवर, आली होती). पण त्याआधी जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवून हात बसले होते, खरी गोम तिथं आहे. त्यांच्यातला गायक लेनन याला त्या दिवशी सर्दी होती, म्हणून घसा फाडणारं 'ट्विस्ट अँड शाउट' सगळ्यात शेवटी घेतलं. तुमचं ते किंचाळायचं गाणंही शेवटीच ठेवा.

तुमच्या अकरा गाण्यांपैकी लोकांपुढं किती वाजवलीत? चार? मग बाकीची गॅदरिंगला वाजवा, सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या कॅफेत वाजवा, नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर. ज्या कडव्याला लोक मोबाइलमध्ये डोकं घालतात, ते कापा.

ड्रमवाल्याला क्लिकवर (कानात वाजणाऱ्या लयीच्या टिकटिकीवर) वाजवायची सवय आत्तापासून लाव. स्टुडिओत जाऊन तिच्याशी पहिली ओळख झाली तर दोन दिवस गेलेच समज. गिटारच्या तारा आदल्या दिवशी बदला, त्या सकाळी नको. नव्या तारा ताणत राहतात आणि दर टेकला (रेकॉर्डिंगच्या प्रत्येक फेरीला) सूर उतरतो. ड्रमचं पायानं वाजवायचं किक पेडल कुरकुरत असेल तर तेल घाला, माइकला आधी तेच ऐकू जातं.

मिक्सिंगला (सगळ्यांचे आवाज एकमेकांत जुळवायला) बसण्याआधी एक दुपार मिरजेत सतारमेकरांकडं काढ. जवारी (तारेचा गुंजणारा नाद) काढताना कारागीर तारेखालची घोडी जराशी घासतो, तार छेडतो, कान देतो, मग परत जराशी घासतो. तुम्ही मात्र जो तो आपला फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर ढकलणार! गिटारवाले तर विचारूच नकोस. त्यात गाणाऱ्याचे शब्द बुडतात, आणि मराठी गाण्यातला शब्दच कळला नाही तर ऐकणारा दुसऱ्यांदा कशाला लावेल?

शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैसे कसे वाटायचे, हे आत्ताच कागदावर घ्या. दोस्ती आहे म्हणून लाजू नका.

रविवारी तालमीचं फोनवर रेकॉर्डिंग करून पाठव. अकराही गाणी, मध्ये न थांबता, चुकांसकट. ते ऐकून तारखांचं बोलू.