गारगॉइलला मराठीत काय म्हणायचं?

गारगॉइल म्हणजे छतावरचं पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारी दगडी पन्हळ. तोंड प्राण्याचं किंवा राक्षसाचं. पाणी जवळ ओघळलं तर सांध्यातला चुना झिजतो, म्हणून ती मान इतकी पुढे काढलेली. शब्द फ्रेंच, मूळ अर्थ घसा. पाणी वाहत नसेल तर ते नुसतं शिल्प. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवरचा गाल धरून बसलेला राक्षस तसाच, १९व्या शतकातला.

आम्हा नाशिककरांना गोमुख ओळखीचं. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर गंगाद्वारी गोदेची बारीक धार गोमुखातूनच येते. जुन्या देवळांत गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी मकराच्या जबड्यातून बाहेर पडतं, ते मकरप्रणाल. पण ते तीर्थ, पागोळ्या नव्हेत. म्हणून गारगॉइलला गोमुख म्हणू नका, 'राक्षसमुखी पन्हळ' म्हणा.