वाचकांचे प्रश्न : गेममधील शस्त्रे, चिलखते आणि त्यांची घडण

प्रश्न : आम्ही चार मित्र मिळून एक ऑनलाइन फँटसी रोलप्लेइंग गेम तयार करत आहोत. शिरस्त्राण, चिलखत, हातमोजे, बूट आणि शस्त्र असे पाच भाग असून प्रत्येकाचे वीस प्रकार काढायचे ठरवले आहे. जी वस्तू अधिक बलवान, ती दिसायलाही अधिक भारदस्त, असा आमचा नियम आहे. वीस प्रकार पाच भागांत म्हणजे ३२ लाख जोड्या होतात. तरीही चाचणीत खेळणारे म्हणतात, की काही तासांनी सगळी पात्रे एकसारखीच दिसू लागतात. असे का व्हावे?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुमचा गुणाकार बरोबर आहे, परंतु रूप बळाला बांधून टाकल्यावर खेळाडूच्या हाती निवड उरलेलीच नाही. ज्या चिलखताने जास्त मार सोसला जातो ते तो घालणारच, मग ते डोळ्यांना रुचो वा न रुचो. आणि हाच विचार प्रत्येक जण करणार असल्याने ३२ लाखांपैकी प्रत्यक्षात दहा-बारा जोड्याच मैदानात दिसतात.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि पहिली सात वर्षे तिथे हीच अडचण होती. २००७ च्या पहिल्या विस्तारात लेव्हल वाढवताना मिळणारे भडक, एकमेकांशी न जुळणारे तुकडे अंगावर चढवावे लागत आणि खेळाडू त्या वेशाला विदूषकाचा पोशाख म्हणत. नोव्हेंबर २०११ च्या अखेरीस ट्रान्समॉग्रिफिकेशनची सोय झाली आणि बलवान चिलखताला आपल्याकडच्या दुसऱ्या चिलखताचे रूप देता येऊ लागले. मात्र त्यासाठी जुनी वस्तू सांभाळून ठेवावी लागे; मिळालेले रूप कायमचे संग्रहात नोंदले जाण्याची व्यवस्था २०१६ मध्ये झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स २’ ने तर चिलखताच्या एकेका भागाला वेगळा रंग देण्याची मुभा सुरुवातीपासूनच ठेवली होती.

तेव्हा डेटाबेसमध्ये प्रत्येक वस्तूसाठी बळाचा क्रमांक आणि रूपाचा क्रमांक अशी दोन वेगळी घरे आजच करा. आज हे दुपारभराचे काम आहे. गेम लोकांच्या हाती गेल्यावर हजारो खेळाडूंच्या पिशव्यांतल्या जुन्या नोंदी बदलाव्या लागतील. अर्थात पूर्ण मोकळीकही देऊ नका, कारण समोरचा योद्धा जड पोलादात आहे की साध्या कापडात, हे प्रतिस्पर्ध्याला लांबूनच कळले पाहिजे. पोलादी चिलखताला पोलादी चिलखताचेच रूप घेता यावे, एवढे बंधन मला आवश्यक वाटते.

प्रश्न : आमच्या काल्पनिक राज्यात दांडपट्टा आणि मराठी धाटणीची तलवार असावी, अशी फार इच्छा आहे. खेळाडूला ही शस्त्रे स्वतःच्या मनाप्रमाणे घडवता यावीत, यासाठी त्यांचे भाग कसे पाडावेत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्राने मला मनापासून आनंद झाला, कारण या शस्त्रांचे भाग कारागिरांनीच पाडून ठेवलेले आहेत. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांमार्फत युरोपातली सरळ, लांब पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि त्यांना इथल्या पद्धतीची मूठ बसवली जाई. ही तलवार म्हणजे फिरंग. पात्याचे मागचे टोक मुठीच्या पोकळीत राळेच्या मिश्रणाने पक्के करण्याची पद्धत होती, त्यामुळे मूठ तापवली की राळ मऊ होऊन पाते सुटे आणि त्याच पात्याला दुसरी मूठ चढवता येई. गेममधल्या लोहाराकडे नेमके हेच घडू द्या : खेळाडूने पाते एका मोहिमेत मिळवावे, मूठ दुसऱ्या गावात घडवून घ्यावी, आणि भट्टीवर राळ वितळताना दिसावी. पात्याने वाराचा पल्ला ठरावा, मुठीने पकड आणि वेग. म्यान मात्र केवळ सौंदर्यासाठी असू द्या.

दांडपट्ट्याची गोष्ट वेगळी आहे आणि इथेच बहुतेक जण चुकतात. त्याचे पाते पोलादी खोबळ्याला जोडलेले असते. खोबळा हाताला कोपरापर्यंत झाकतो आणि आतला आडवा दांडा मुठीत धरावा लागतो. साहजिकच मनगट वळत नाही, आणि सगळा फिरवा कोपरातून, खांद्यातून व कमरेतून येतो. तलवारीचे ॲनिमेशन जसेच्या तसे वापरले, तर पट्टा वाकड्या हाताला बांधलेल्या पट्टीसारखा दिसेल. खोबळा हाच हातमोजा असल्याने पट्टा उचलताच त्या हाताच्या मोज्याचा भाग व्यापला गेला पाहिजे. ते संरक्षण खोबळ्यात धरा आणि नक्षीकामही त्यावरच करू द्या. कड्यांच्या चिलखताची प्रत्येक कडी मॉडेलमध्ये घडवण्याच्या फंदात मात्र पडू नका. कड्यांचा उठाव टेक्स्चरमधून, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्रातून, दाखवावा, आणि झालर तेवढी खरी घडवावी.

प्रश्न : बारा रंगांची चिलखते दिली, की साधे फोन अडखळतात. रंग कमी करावेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : रंग कमी करू नका, प्रत्येक रंगासाठी वेगळे टेक्स्चर ठेवणे सोडा. २०४८ × २०४८ पिक्सेलचे टेक्स्चर दर पिक्सेलला एक बाइट इतके दाबले तरी ४ एमबी जागा घेते, म्हणजे बारा रंगांना ४८ एमबी झाले. त्याऐवजी एकच करडे टेक्स्चर ठेवा आणि सोबत एक लहान मुखवटा-चित्र द्या, ज्याचा लाल भाग धातू, हिरवा भाग चामडे आणि निळा भाग कापड दाखवील. मग सर्व्हरने रूपाचा क्रमांक आणि तीन रंगांचे क्रमांक पाठवले, की रंग फोनवरच चढतो.

प्रश्न : आमच्या गेममध्ये शस्त्राचे बळ भट्टीवर एकेका पायरीने वाढवता येते आणि +४ या चौथ्या पायरीपर्यंत ते निर्धोक वाढते. पुढे +१० पर्यंत प्रत्येक पायरीला यशाची शक्यता ६० टक्के असून, अपयश आल्यास शस्त्र नष्ट होते. यामुळे थरार वाढतो असे आम्हांला वाटते. आपले मत काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ही रीत ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ सारख्या कोरियन गेमांनी रूढ केली आणि तिच्यात थरार आहे, हे मी मान्य करतो. तरी आकडा समोर मांडून पाहा : ०.६ चा सहा वेळा गुणाकार केला तर ०.०४७ च्या आसपास येतो, म्हणजे +१० ची एक तलवार हाती लागण्यासाठी सरासरी एकवीस तलवारी पणाला लावाव्या लागतील. मी काम केलेल्या एका प्रकल्पात असाच नियम होता. चाचणीला आलेल्या एका मुलाची तीन आठवडे जपलेली, स्वतःच रंगवलेली कट्यार सातव्या पायरीला फुटली. तो रागावला नाही. पिशवीतल्या रिकाम्या चौकोनावर त्याने दोनदा बोट दाबून पाहिले, गेम बंद केला आणि पुन्हा आला नाही.

तुम्ही खेळाडूला मूठ निवडायला, पात्यावर नाव कोरायला सांगता आणि तीच वस्तू फाशावर लावता, हे मला पटत नाही. शस्त्र टिकू द्या. अपयशात केवळ सामग्री खर्च व्हावी आणि प्रत्येक अपयशानंतर शक्यता दहा टक्क्यांनी वाढावी, म्हणजे पाचव्या प्रयत्नाला यश निश्चित होईल. फासा सर्व्हरवरच टाकावा, फोनवर कदापि नव्हे, आणि शक्यतेचा आकडा भट्टीच्या शेजारी ठळकपणे लिहावा. ही सामग्री बंद पेटीत घालून पैशांना विकण्याचा मोहही टाळावा. अशा सशुल्क पेट्यांना बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्येच जुगार ठरवले आहे, आणि तुमच्या खेळाडूंमध्ये शाळकरी मुले असणार.