आरसा भट्टीत वाकवला तर चकाकी टिकते का?

तुम्ही जालन्याहून विचारलंय, की चांदी ९६२ अंशांना वितळते आणि काच ७०० च्या आसपासच वाकते, मग आरशाचा तुकडा साच्यावर ठेवून वाटीसारखा केला तर चकाकी का जावी? कागदावर हिशेब बरोबर आहे, भट्टीत मात्र जमत नाही.

आरशावरची चांदी केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढी असते. इतका पातळ थर वितळेपर्यंत थांबत नाही, खूप आधीच आकसून बारीक कणांत गोळा होतो. उरतो तो ढगाळ राखाडी डाग. थोडी चांदी काचेत मुरून पिवळट छटाही देते (युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांत हा पिवळा मुद्दाम काढत). त्याआधी पाठीवरचा रंग जळतो. जुन्या आरशांच्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा तो धूर बंद शेडमध्ये नकोच.

म्हणून काच आधी वाकवा, चांदी नंतर चढवा. काचवाल्याकडून ४ मिलिमीटरच्या साध्या काचेचे कटिंगचे तुकडे आणा. साच्याला तळाशी हवेसाठी भोक ठेवा, वर चिनी माती नि अ‍ॅल्युमिनाचा (भट्टीत न वितळणारी पांढरी पूड) लेप द्या, तो पूर्ण वाळू द्या. ५४० पर्यंत तासाला दीडशेच्या वेगाने जा, पुढे भट्टीच्या बघायच्या भोकातून बघत राहा. काच साच्याला टेकली की तिथेच थांबा. जास्त तापवलीत तर लेपाचा खरबरीतपणा काचेत उमटतो आणि चांदी चढल्यावर तो दुप्पट दिसतो. मग ५४० वर उतरवून तासभर धरा आणि ३७० पर्यंत अगदी सावकाश उतरवा. इथे घाई केली तर वाटी चार दिवसांनी कपाटात आपोआप तडकते.

शेड शेतात असेल तर शेतीच्या फीडरवर विसंबू नका. आठ तासांच्या लाईटीत हे काम होत नाही. मधेच लाईट गेलीच तर झाकण उघडायचं नाही, भट्टी स्वतःच ऊब धरून ठेवते.

चांदी चढवायला सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि ग्लुकोज लागतं. पहिल्यांदा रसायनशास्त्र शिकलेलं कुणी सोबत असू द्या. ते मिश्रण बाटलीत भरून अजिबात ठेवायचं नाही, ठेवलेलं नि वाळलेलं स्फोटक होतं. उरलेलं त्याच दिवशी पातळ आम्लाने निकामी करा.