वाचकांचे प्रश्न : दोन भाऊसाहेब, एक माऊली आणि खातेपानाचा आकडा

प्रश्न : निफाड तालुक्यात आमचे कृषी सेवा केंद्र आहे. वडिलांच्या काळापासून वहीत असलेली उधारी गेल्या पाडव्याला आम्ही संगणकावर घेतली. द्राक्षाचा हंगाम आटोपल्यावर वसुलीला बसलो, तेव्हा एकाच गावातील, एकाच आडनावाच्या दोन भाऊसाहेबांची उधारी एका खात्यावर चढल्याचे दिसले. उलट एका शेतकऱ्याची ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘माऊली’ अशी दोन खाती झाली आहेत. खाते ओळखण्यासाठी मोबाइल क्रमांक वापरावा की आधार क्रमांक?
— एक वाचक, निफाड

उत्तर : आधी वडिलांची कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, काढून पाहावी. तिच्यात रकमेच्या अलीकडे ‘खा. पा.’ असा एक अरुंद रकाना असतो आणि त्यात खतावणीतील (प्रत्येकाचे खाते वेगळ्या पानावर मांडलेल्या वहीतील) खातेपानाचा आकडा लिहिलेला असतो. एक भाऊसाहेब बेचाळिसाव्या पानावर आणि दुसरे एकशे सतराव्या पानावर असले, की नाव सारखे असूनही उधारीची सरमिसळ सहसा होत नाही. संगणकावर खाती चढवताना बहुतेक ठिकाणी नावे तेवढी उतरवली जातात आणि हा आकडा वहीतच राहतो. आपल्याकडेही तसेच घडले असावे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची (माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची) कल्पना मांडताना प्रत्येक नोंद वेगळी ओळखणाऱ्या ज्या खुणेला ‘प्रायमरी की’ म्हटले, तिचे काम आपल्याकडचे दिवाणजी खातेपानावर भागवत होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

खाते शोधण्यासाठी मोबाइल क्रमांक जरूर नोंदवावा, मात्र खात्याची ओळख त्यावर ठेवू नये. एकाच घरातील बाप-लेक एकच क्रमांक देतात, शेतकरी सिम बदलतो, आणि बंद पडलेला क्रमांक काही काळाने कंपनी दुसऱ्याच ग्राहकाला देते. आधारचा मोह होणे स्वाभाविक आहे, कारण अनुदानित खत देताना विक्रीची नोंद करणाऱ्या पॉस यंत्रावर सहसा तोच वापरला जातो. परंतु ते प्रयोजन वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर खासगी व्यवहारासाठी आधारची सक्ती करता येत नाही, आणि शेकडो शेतकऱ्यांचे आधार क्रमांक दुकानाच्या संगणकात साठवणे म्हणजे नसती जोखीम अंगावर घेणे होय. जीएसटी क्रमांक बहुतेक शेतकऱ्यांकडे नसतो. शिवाय त्यातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढील दहा अक्षरे पॅनची असल्यामुळे मालकीची पेढी भागीदारीत गेली, की तोही बदलतो.

तेव्हा क्रमांक आपणच द्यावा, आणि त्यात काहीही अर्थ भरू नये. गावाची आद्याक्षरे, पिकाची खूण असे क्रमांक पहिल्या वर्षी देखणे वाटतात. शेतकरी ओझरहून दिंडोरीला राहायला गेला, की तोच क्रमांक खोटे सांगू लागतो, आणि तो बदलावा तर जुन्या बिलांशी मेळ तुटतो. खाते बंद झाले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्या कोणाला देऊ नये.

आकडे लिहिताना उलटसुलट होतात, त्यासाठी शेवटी एक पडताळणी अंक जोडता येतो. १०४५ या क्रमांकाच्या अंकांना अनुक्रमे ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज केली, की २७ येते. तिला ११ ने भागले असता बाकी ५ उरते, म्हणून पूर्ण क्रमांक १०४५५ झाला. दुकानातील मुलाने घाईत १०५४५ लिहिले, तर १०५४ ची बेरीज २८ आणि बाकी ६ येत असल्यामुळे शेवटचा ५ जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. बाकी १० येईल तो क्रमांक वगळावा. आधारचा बारावा अंकही पडताळणीसाठीच असतो, फक्त त्याची रीत अधिक गुंतागुंतीची आहे.

माऊलींच्या दोन खात्यांपैकी एक कायम ठेवून दुसऱ्यातील नोंदी त्यात वळवाव्यात. रिकामे झालेले खाते पुसून न टाकता ‘अमुक खात्यात वर्ग’ असा शेरा मारून बंद करावे. भाऊसाहेबांचे काम मात्र कष्टाचे आहे. एकत्र झालेल्या नोंदी संगणक आपोआप वेगळ्या करू शकत नाही. सह्या असलेल्या बिलांच्या स्थळप्रती घेऊन दोघांसमोर बसावे लागेल, आणि शक्यतो दोघांना एकाच दिवशी बोलवावे.

प्रश्न : सातपूरला आमचे छोटे वर्कशॉप आहे. एक्सेलमध्ये ००७२५ हा पार्ट नंबर ७२५ होतो आणि बँकेच्या सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. असे का होते?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : एक्सेल त्यांना संख्या समजते. संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नसते, आणि एक्सेल पंधरापेक्षा अधिक अंक जपत नाही. हे क्रमांक बेरीज-वजाबाकीसाठी नसल्याने नोंदी करण्यापूर्वीच त्या रकान्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे. नंतर केल्यास गेलेला अंक परत मिळत नाही. तो पासबुकातून पुन्हा भरावा लागेल. आपल्याकडे १२ई५ (12E5) अशा धाटणीचे पार्ट नंबर असतील, तर तेही तपासावेत, कारण एक्सेल त्याचा अर्थ बारावर पाच शून्ये, म्हणजे बारा लाख, असा लावते.