पाण्यापासून हायड्रोजन काढायला प्लॅटिनम-इरिडियमसारखे महागडे धातूच का लागतात? निकेल, लोखंडावर भागत नाही का?

भागतं की. कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीच्या) द्रावणात निकेलच्या इलेक्ट्रोडवर हायड्रोजन काढणारे कारखाने गेल्या शतकातही होते. महागडे धातू लागतात ते आम्लधर्मी पटल वापरणाऱ्या इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्रात.

तिथेही सगळे नाव घेतात प्लॅटिनमचं. ते ऋणाग्रावर, म्हणजे हायड्रोजन सुटतो त्या इलेक्ट्रोडवर, इतकं कमी लागतं की माझ्या मते तो मोठा प्रश्नच नाही. खरी डोकेदुखी धनाग्रावर सुटणाऱ्या ऑक्सिजनची. हायड्रोजनचा रेणू बनायला दोन इलेक्ट्रॉन पुरतात. ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी पाण्याच्या दोन रेणूंमधून चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात, वर दोन ऑक्सिजन अणूंचा बंधही जुळवावा लागतो. म्हणून तत्त्वतः १.२३ व्होल्टला फुटू शकणारं पाणी कारखान्याच्या वेगाने फोडायला १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. या जादा व्होल्टेजचा मोठा वाटा धनाग्रच खातं.

आम्लात एवढ्या धन विभवाला (व्होल्टेजला) निकेल, लोखंड, कोबाल्ट विरघळून जातात. रुथेनियम ऑक्साइड काम झकास करतं, पण झिजतं. टिकतं ते इरिडियम ऑक्साइड, आणि जगभरात इरिडियम वर्षाला दहा टनांपेक्षाही कमी निघतं, तेही मुख्यतः प्लॅटिनमच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून. किंमत बाजूला ठेवा, मुळात तेवढा धातूच नाही.

अल्कधर्मी द्रावणात मात्र निकेलला लोखंडाची साथ मिळाली की चित्र पालटतं. १९८७ मध्ये संशोधक कॉरिगन यांनी दाखवलं की द्रावणातल्या लोखंडाच्या अगदी सूक्ष्म अशुद्धीनेही निकेल ऑक्साइडवर ऑक्सिजन सहज सुटू लागतो. पुढे २०१४ मध्ये पोटॅश काटेकोरपणे शुद्ध करून पाहिलं, तर लोखंडाविना निकेल अगदीच सुमार ठरलं. त्यामुळे कुणी ‘शुद्ध निकेलचा जबरदस्त उत्प्रेरक’ म्हणालं, की मी आधी पोटॅश शुद्ध केलं होतं का ते बघतो. हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनमला पर्याय सापडल्याचा दावा असेल, तर समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा नव्हता ना, तेही बघावं. तो थोडाथोडा विरघळून नव्या पदार्थावर जाऊन बसतो आणि श्रेय भलत्यालाच मिळतं.

शिवाय प्रयोगशाळेतली तुलना बहुधा दर चौरस सेंटीमीटरला १० मिलीअँपिअरवर होते. पटलवाले इलेक्ट्रोलायझर १ ते २ अँपिअरवर, तेही वर्षानुवर्षं चालवायचे असतात. काही तासांच्या आलेखावरून इरिडियमची सुट्टी झाली असं मी तरी मानत नाही.